बादली हातात घ्या आणि घर तपासा: लहानथोर सगळ्यांना सोपं जाईल असं घर करताना

माझं उजवं मनगट मोडलं तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. सहा आठवडे प्लास्टर होतं. पहिल्याच सकाळी बाथरूममधून बाहेर येताना साबण लागलेल्या डाव्या हातात दाराची गोल मूठ फिरेना. कडी लावलेली नव्हती, तरी मी आत अडकले. बाहेर माझी चार वर्षांची मुलगी होती, पण त्या मुठीवर तिची बोटं पुरत नव्हती. शेवटी सासूबाई आल्या. त्यांनी दोन्ही तळव्यांमध्ये मूठ दाबून धरली, अंग तिरकं केलं आणि दार उघडलं. त्यांच्या बोटांत संधिवात आहे. म्हणाल्या, "मी रोज असंच उघडते गं." चार वर्षं त्या ते दार असं उघडत होत्या आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

त्याच आठवड्यात आम्ही तिथे आडव्या दांडीचं हँडल बसवून घेतलं. अर्ध्या तासाचं काम. कोपराने दाबलं तरी दार उघडतं, त्यामुळे तिघींचाही प्रश्न एकदम सुटला.

युनिव्हर्सल डिझाइन म्हणजे हेच. वयस्कर माणसासाठी वेगळी सोय, मुलासाठी वेगळी, असं न करता मूळ वस्तूच अशी करायची की ती जास्तीत जास्त लोकांना वापरता यावी. ही कल्पना रुजवली ती रोनाल्ड मेस या अमेरिकन वास्तुरचनाकाराने. नवव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि पुढे ते व्हीलचेअर वापरत. १९९७ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या केंद्रात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेची सात तत्त्वं मांडली. आपल्याकडे २०११ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत भारतासाठीची पाच तत्त्वं तयार झाली. रचना समान, सहज, सांस्कृतिक, स्वस्त आणि सुंदर असावी, असं ती सांगतात. मला यातलं 'सांस्कृतिक' फार मोलाचं वाटतं. परदेशी पुस्तकांतलं बाथरूम कोरडं असतं. आपण बादलीने अंघोळ करतो, फरशी पाण्याने धुतो, देवापुढे जमिनीवर बसतो, चपला दाराबाहेर एका पायावर उभं राहून काढतो. घर सोपं करायचं तर या सवयी धरून करायला हवं.

आधी एक रविवार तपासणीला द्या

वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि अर्धी भरलेली बादली घ्या. बादली एका हातात धरून मुख्य दारापासून मागच्या गॅलरीपर्यंत चाला. वाटेतलं प्रत्येक दार, नळ, बटण, खिडकी, कपाट दुसऱ्या हाताने उघडून-बंद करून बघा, आणि तेही मूठ मिटून. मिटलेल्या मुठीने दाबता, ढकलता किंवा ओढता येत नाही ते वहीत लिहा. संधिवाताचा हात असाच असतो. कणकेने माखलेला हातही असाच असतो, मेंदी काढलेला हातही, आणि कडेवर बाळ असलेल्या बाईला तर एकच हात उरतो.

दुसरी फेरी गुडघ्यांवर बसून करा. मुलाला काय दिसतं, काय हाताला लागतं, कुठला कोपरा कपाळाच्या उंचीवर येतो ते कळेल. तिसरी रात्री, दिवा न लावता, पलंगापासून संडासापर्यंत. चष्मा असेल तर तो काढून ठेवा.

घरच्या मोठ्यांना "त्रास होतो का?" असं विचारू नका. उत्तर "नाही, चाललंय" असंच येतं. त्याऐवजी "करून दाखवा" म्हणा. माझ्या सासूबाईंनी अंघोळीच्या स्टुलावरून उठून दाखवलं तेव्हा समजलं की त्या रोज टॉवेलच्या दांडीला लोंबकळून उठतात. ती दांडी दोन छोट्या स्क्रूंवर होती आणि एका बाजूने हललेलीही होती.

नोंदी तीन याद्यांत वाटा: आज करायचं, या महिन्यात करायचं आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी करायचं. तिसरी यादी नीट जपा. बाथरूमच्या टाइल्स पंधरा-वीस वर्षांत एकदा निघतात. गळती लागली, गवंडी आला, घाई झाली आणि त्या वेळी यादी हाताशी नसली की जुना उंबरठा तसाच्या तसा पुन्हा बांधला जातो. भिंत उघडी असताना जे काम जवळपास फुकट होतं, ते नंतर वेगळं करायला गेलं तर पूर्ण खर्च पडतो.

आजच होण्यासारखं

सुटी पायपुसणी आणि सरकणाऱ्या सतरंज्या उचला, नाहीतर खाली रबरी जाळी घाला. चालण्याच्या वाटेवरची एक्स्टेन्शनची वायर भिंतीकडेने घ्या. रोज लागणाऱ्या वस्तू गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली येतील अशा ठेवा. माळ्यावर फक्त वर्षातून एकदा लागणारं सामान असू द्या. दाराशी एक भक्कम, न डगमगणारं बसायला ठेवा म्हणजे चपला-बूट बसून घालता येतील. शाळेची घाई असलेली मुलंही तिथे बसतात, हे आमच्या घरी दुसऱ्याच दिवशी दिसलं. पलंग ते संडास या वाटेवर जमिनीलगत एक छोटा रात्रीचा दिवा लावा.

बाथरूम: सर्वात जास्त वेळ इथे द्या

घरातली सगळ्यात धोक्याची जागा हीच, म्हणून सविस्तर लिहिते.

उंबरठ्यापासून सुरुवात करू. बाथरूमचा तीन-चार इंचांचा कठडा पाणी बाहेर येऊ नये म्हणून असतो, त्यामुळे तो नुसता फोडून चालत नाही. पाणी अडवायचं काम उताराने आणि जाळीने करावं लागतं. फरशीला जाळीकडे दर मीटरला साधारण सव्वा सेंटीमीटर उतार द्या, आणि दाराच्या आतल्या बाजूला दाराइतकी लांब जाळीची पन्हळ घाला. मग बाहेरची आणि आतली फरशी जवळपास एका पातळीत आणता येते. पण टाइल्स निघाल्या की खालचं वॉटरप्रूफिंग गेलंच असं धरा. ते नव्याने करून घ्या आणि टाइल्स बसवण्याआधी निदान एक पूर्ण दिवस-रात्र पाणी साठवून ठेवून खालच्या मजल्यावर ओल येते का ते बघा. खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगितलं तर तेही छतावर लक्ष ठेवतात. काही जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला नसतो आणि पाइप वरच्या भरावातूनच जातात. तिथे पातळी खाली आणता येत नाही. मग बाहेरच्या बाजूने एक रुंद, खरखरीत अर्धी पायरी करा, तिची कड वेगळ्या रंगाची ठेवा आणि शेजारी धरायला उभा दांडा लावा.

फरशी दुकानात कोरडी आणि चपलांखाली छानच वाटते. नमुन्याचा तुकडा घरी आणा, त्यावर साबणाचं पाणी ओता आणि धरायला कुणीतरी शेजारी असताना अनवाणी उभं राहून बघा. आकड्यात विचारायचं तर ओल्या जागेसाठी 'आर १०' किंवा 'आर ११' प्रतीची टाइल मागा ('आर' म्हणजे टाइल किती कमी घसरते याचं माप). मोठ्या चकचकीत टाइल्सपेक्षा लहान मॅट टाइल्स बऱ्या, कारण सांधे जास्त असल्याने पायाला पकड मिळते. रंगाकडेही लक्ष द्या. पांढऱ्या टाइल्समध्ये पांढरा कमोड मोतीबिंदूच्या डोळ्यांना वेगळा दिसतच नाही. आम्ही फरशी राखाडी घेतली आणि कमोडमागची भिंत गडद निळी.

आता धरायचे दांडे. जाडी साधारण साडेतीन ते चार सेंटीमीटर, म्हणजे मुठीत नीट मावेल आणि बोटं वळतील अशी. भिंतीपासून अंतर चार-पाच सेंटीमीटर. अंतर जास्त ठेवलं तर तोल जाताना हात मधे कोपरापर्यंत अडकतो. दांडा नुसत्या टाइलच्या आधाराने बसवू देऊ नका. अँकर बोल्ट आत विटेत किंवा काँक्रीटमध्ये पक्का बसायला हवा. नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत साधा अँकर कालांतराने सैल होतो, म्हणून तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, वापरायला सांगा. रबरी चोषकाने चिकटणारे दांडे माणसाच्या वजनासाठी विकत घेऊ नका. बसवल्यावर घरातल्या सर्वात जड माणसाने पूर्ण भार टाकून बघितल्याशिवाय काम झालं म्हणू नका.

उंचीबाबत आमची चूक झाली. मी मापांच्या तक्त्यातली उंची गवंड्याला दिली आणि दांडा सासूबाईंच्या हाताला फार वर आला, कारण त्या जेमतेम पावणेपाच फूट आहेत. दुसऱ्यांदा त्यांना स्टुलावर बसवलं, डोळे मिटून उठायला सांगितलं आणि हात आपोआप जिथे गेला तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण केली. तीच खरी उंची. घरात उंचीचा फरक मोठा असेल तर आडव्याऐवजी लांब उभा दांडा लावा, म्हणजे ज्याने त्याने आपल्या उंचीला धरावं.

बादलीसाठी एक फूटभर उंच दगडी ओटली बांधून घ्या आणि नळ त्या मानाने वर घ्या. वाकून तपेली बुडवणं थांबतं. शेजारी बसायला रुंद रबरी पायांचं स्टूल ठेवा. कमोडची बैठक जमिनीपासून पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस सेंटीमीटर उंच असली की गुडघ्यांना बरं पडतं. मुलांसाठी पायाखाली छोटं पायठण ठेवा, ते काढता-घालता येतं. भारतीय पद्धतीचा संडास ज्यांना हवा आहे त्यांच्यावर कमोड लादू नका. समोर आणि बाजूला धरायला भक्कम दांडे लावले तर बरीच वर्षं तो वापरता येतो.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसाच्याच अंगाला अडतं. कडी अशी घ्या की गरज पडली तर बाहेरून नाण्याने फिरवता येईल. गिझर पन्नास अंशांच्या आसपास ठेवा आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम, ही सवय सगळ्यांनाच लावा. लहान मुलांची आणि वृद्धांची कातडी पातळ असते, ती पटकन भाजते.

दारं, बटणं, नळ

गोल मुठी आणि फिरकीचे नळ टप्प्याटप्प्याने काढा, त्यांच्या जागी दांडीचे घ्या. कपाटांच्या बारीक गोल गुंड्यांऐवजी चार बोटं आत जातील असे कडीदार हँडल लावा. विजेची बटणं फरशीपासून नव्वद ते एकशे दहा सेंटीमीटरवर आली की मूल, व्हीलचेअरवरचा माणूस आणि उभा माणूस तिघांनाही पुरतात. प्लग जमिनीलगत नकोत, पंचेचाळीस सेंटीमीटरच्या वर घ्या.

दाराची रुंदी हा आपल्या फ्लॅटमधला अडचणीचा विषय आहे. व्हीलचेअरला किंवा वॉकरला निदान ऐंशी सेंटीमीटर मोकळी वाट हवी, नव्वद असेल तर उत्तम. बाथरूमची दारं बहुधा अडीच फुटांची असतात, आणि चौकट व पल्ल्याची जाडी जाऊन मोकळी वाट आणखी कमी उरते. भिंत तोडणं जमत नसेल तर पल्ला काढून भिंतीवरून सरकणारं दार लावा, चार-पाच सेंटीमीटर तरी मिळतात. खोलीत व्हीलचेअर वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. फर्निचर मांडताना जमिनीवर खडूने तेवढं वर्तुळ काढून बघा.

स्वयंपाकघर

ओट्याची उंची कुणा एकाच्या मापाने ठरते आणि बाकीचे वर्षानुवर्षं खांदे दुखवून घेतात. उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, कोपरापासून खाली दहा ते पंधरा सेंटीमीटर ही आपली उंची. दोन जणांची मापं फार वेगळी असतील तर ओटा उंच व्यक्तीच्या मापाने ठेवा आणि दुसरीसाठी बसून काम करायची वेगळी जागा करा. सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटर उंचीचं टेबल, खाली गुडघ्यांना मोकळी जागा, एवढं पुरतं. आमच्याकडे सासूबाई पूर्वी विळी घेऊन जमिनीवर बसत. आता त्याच टेबलाशी बसून भाजी चिरतात आणि मुलगी समोर मटार सोलते.

खालच्या बाजूला कप्प्यांऐवजी बाहेर ओढायच्या ट्रॉल्या घ्या, म्हणजे मागचा डबा काढायला आत डोकं घालावं लागत नाही. वरच्या कपाटांच्या तळाला दिव्याची पट्टी लावा. छताचा दिवा पाठीमागे असला की चिरताना आपलीच सावली सुरीवर पडते. साठीच्या डोळ्यांना विशीच्या डोळ्यांच्या तुलनेत साधारण तिप्पट उजेड लागतो, तेव्हा "उजेड आहे की पुरेसा" हे तरुणाने ठरवू नये.

हाताळायच्या वस्तू निवडताना

१९९० मध्ये अमेरिकेत सॅम फार्बर यांनी जाड, मऊ रबरी मुठीचं सोलाणं बाजारात आणलं. त्यांच्या पत्नीला संधिवातामुळे पातळ धातूचं सोलाणं धरवत नव्हतं, हे निमित्त. ते विकलं गेलं मात्र सगळ्यांना, कारण ओल्या हातात ते सुटत नाही. जपानमध्ये १९९१ मध्ये काओ कंपनीने शाम्पूच्या बाटलीवर बारीक खाचा दिल्या, म्हणजे अंध व्यक्तीला शाम्पू आणि कंडिशनर स्पर्शाने ओळखता येतील. डोळ्यांत फेस गेलेल्या प्रत्येकाला त्या उपयोगी पडतात.

ही खाच आपण घरी करू शकतो. शाम्पूला एक रबरबँड, कंडिशनरला दोन. मिठाच्या डब्याला एक, साखरेला दोन. सकाळच्या गोळ्यांच्या डबीला एक, रात्रीच्या डबीला दोन. लेबलं मोठ्या, जाड मराठी अक्षरांत, पिवळ्या कागदावर काळ्या शाईने लिहा.

खरेदीला जाताना मूठ-चाचणी दुकानातच करा. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण सुंदर दिसतं, पण ते उघडायला नखं लागतात. कड बाहेर आलेलं किंवा वर मूठ असलेलं झाकण घ्या. मिक्सरचं भांडं बसवायला किती पीळ द्यावा लागतो, कुकरची मूठ दोन्ही हातांनी धरता येते का, रिमोटवरची बटणं अंधारात बोटाला वेगळी लागतात का, हे विचारा. शिट्टी ऐकू न येणाऱ्यांसाठी दिवा लागणारा किंवा खिशात थरथरणारा टायमर ठेवा. दाराच्या घंटेलाही दिव्याची जोड देता येते.

बसायच्या जागा आणि देवघर

पलंगाची गादीसकट उंची पंचेचाळीस ते पन्नास सेंटीमीटर हवी. खोल, मऊ सोफा सगळ्यांना आवडतो, पण त्यातून उठता येत नाही. निदान एक खुर्ची ताठ पाठीची आणि हातांची ठेवा. देवघर इतक्या उंचीवर आणा की खुर्चीवर बसून पूजा करता येईल. जमिनीवर बसणाऱ्यांसाठी शेजारी उठताना हात टेकायला जड चौरंग ठेवा.

दाराबाहेर

घर कितीही सोपं केलं तरी इमारतीच्या चार पायऱ्या उरतातच. उताराचं माप एकास बारा असावं, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. जोतं अठरा इंच उंच असेल तर अठरा फूट लांब उतार. बऱ्याच सोसायट्यांत जो उतार दिसतो तो स्कूटर चढवण्यासाठी केलेला असतो. त्यावर व्हीलचेअर नेणं मागे ढकलणाऱ्यालाही धोक्याचं आहे. उताराला चकचकीत ग्रॅनाइट नको, पावसाळ्यात त्यावर कुणीही घसरेल. खरखरीत शहाबादी फरशी किंवा रेघा ओढलेलं काँक्रीट घ्या. दोन्ही बाजूंना कठडा लावा आणि पायऱ्यांच्या कडांना वेगळ्या रंगाची पट्टी द्या.

सर्वसाधारण सभेत हा विषय आणताना २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात युनिव्हर्सल डिझाइनची व्याख्याच दिलेली आहे, हे सांगा. त्याबरोबर सभेत बसलेल्यांना प्रश्न विचारा: गॅस सिलिंडर, बाळाची गाडी, वाणसामान, सुटीवर जातानाच्या बॅगा, हे सगळं या पायऱ्यांवरून कोण उचलतं? आमच्या सभेत याच प्रश्नावर हात वर झाले.

मिस्त्रींशी बोलताना

मापं तोंडी सांगू नका. कागदावर लिहा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि ती तयार फरशीपासून मोजली आहे हे स्पष्ट करा. कच्च्या जमिनीपासून मोजलं की टाइल्स लागल्यावर दोन-तीन इंचांचा फरक पडतो. आज दांडे नको असले तरी कमोडजवळ आणि अंघोळीच्या जागी भिंत भक्कम करून ठेवा. टाइल्स लागण्याआधी उघड्या भिंतीचे, मोजपट्टी लावून, फोटो काढा. पुढे ड्रिल करताना पाण्याचा पाइप कुठून गेला आहे ते त्यात दिसतं.

वडीलधाऱ्यांना रंग आणि आकार निवडू द्या. सासूबाईंनी पहिले स्टीलचे दांडे बघून "दवाखान्यासारखं वाटतं" म्हणून नकार दिला होता. पितळी रंगाचे दाखवले तेव्हा त्यांनी स्वतःच आणखी एक जास्त सांगितला, गॅलरीच्या पायरीशी.

काम झाल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा बादली घेऊन फिरा, आणि मग दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत. गेल्या दिवाळीत माझी मुलगी सात वर्षांची होती. तिने स्वतः फेरी मारली आणि दाखवलं की तिचा टॉवेल अडकवायचा खालचा आकडा आता तिच्या खांद्याला लागतो. तो वीस सेंटीमीटर वर घेतला, आणि जुन्या भोकात सासूबाईंच्या काठीसाठी दुसरा आकडा बसवला.